दोन आयांचं पिल्लू

माझ्या धाकट्या जावेला बसायला सांगणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाला जरा थांब म्हणणं. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात मी ओळखलं, ही काही बूड टेकणारी नाही. चहाचा कप अर्धा ठेवून पडदा सरळ करायला उठेल. आपण शर्टाची बटणं लावत असलो तर वरचं बटण तीच लावून मोकळी होईल. आपण बोलायला तोंड उघडलं की वाक्य ती पुरं करते, आणि बहुतेक वेळा भलतंच पुरं करते. माझ्या दिरानं तिचं नाव भिंगरी ठेवलं, ते असं चिकटलं की आता तिची पोरंसुद्धा रागात आली की तिला भिंगरी म्हणतात आणि लगेच पळतात.

लोकांना वाटतं अशी बाई कशाच्या तरी उणिवेनं धावत असते. तसलं काही नाही. नवरा बरा आहे, दोन पोरं आहेत, दोन्ही खादाड आणि कानठळ्या बसवणारी. तिचा प्रश्न एवढाच की समोर काही अडलेलं दिसलं की तिचा हात गेलाच. न विचारता, न थांबता. याच हातानं तिला एकदा चांगलंच अडकवलं, ते सांगते.

आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला आहोत, डुकरांच्या संशोधन केंद्रात. नाक मुरडून झालं असेल तर पुढे ऐका. मी दारावरच्या धुलाईखोलीत असते. आत जाणाऱ्या प्रत्येकानं अंघोळ करायची, घरचे कपडे खुंटीला टांगायचे, माझ्याकडून धुतलेले कपडे, एप्रन आणि गमबूट घ्यायचे. बाहेर येताना उलट. मोठे मोठे साहेब माझ्या खिडकीपुढे टॉवेल गुंडाळून उभे असतात, त्यामुळे मला कुणाचा फारसा धाक वाटत नाही.

भिंगरी आत, बाळंतघरात. डुकरिणी व्यायला आल्या की त्यांना जिथं आणतात त्या शेडला आम्ही बाळंतघर म्हणतो. लोखंडी कठड्यांचे कप्पे, मध्ये अरुंद वाट, प्रत्येक कप्प्याच्या कोपऱ्यात उबेसाठी लाल दिवा. पिल्लू बाहेर पडलं की ते पुसायचं, नाकातोंडातला चिकटा काढायचा, दिव्याखाली धरायचं आणि आईच्या सडाला लावायचं. असं काम भिंगरीला मानवलं. तिथं सतत काही ना काही अडलेलंच असतं.

त्या वर्षी केंद्रात एक नवीन बाई आल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. शिकलेल्या होत्या, पण शिष्ट नव्हत्या. काम सुरू करायच्या आधी त्यांनी आम्हा सगळ्यांना पत्र्याच्या छपराखाली बसवलं आणि समजावून सांगितलं. म्हणाल्या, पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं आतडं जवळजवळ कोरं असतं. मग बाहेर येता येता, आईच्या अंगाचे, तिच्या सडांचे, तिच्या गुवाचे, जमिनीचे जंतू त्याच्या तोंडात जातात आणि आत वस्ती करतात. आधी येतात ते हवेवर जगणारे. ते आतली हवा खाऊन संपवतात, आणि ती संपली की ज्यांना हवा सोसतच नाही अशांना जागा होते. चीक आणि दूध चालू असतं तोवर दूध पचवणाऱ्यांचं राज्य. मग एक दिवस दूध तोडतात, पुढ्यात दाणा येतो, आणि आतली सगळी वस्ती उलटीपालटी होते. त्याच दिवसांत पिल्लांना हगवण लागते आणि कित्येक दगावतात.

"मला हे बघायचंय," मॅडम म्हणाल्या, "की जन्मापासून चांगली भरलेली वस्ती असली तर पिल्लू तो धक्का सोसतं का."

"म्हणजे आमच्या चाळीसारखंच," मी म्हटलं, "जुने भाडेकरू घट्ट असले की नवा गुंड शिरत नाही."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, म्हणाल्या, अगदी तसंच. तेव्हापासून त्या मला आवडू लागल्या.

त्यांनी बाळंतघराचे दोन भाग केले. वाटेच्या एका बाजूच्या डुकरिणींना खाद्यातून जंतू मारणारं औषध. त्यांच्या पाठीवर जांभळ्या रंगाचा फवारा मारला, ओळखायला. दुसऱ्या बाजूला औषध नाही, त्यांच्या पाठीवर हिरवा. दोन्ही बाजूंचे एप्रन वेगळे, बूट वेगळे, झाडूसुद्धा वेगळे. नियम एकच आणि कडक: पिल्लू आपल्या आईपाशीच राहील. इकडचं तिकडे नाही. ठरलेल्या दिवशी मॅडम स्वतः येत, कापसाच्या काडीनं पिल्लांच्या मागून नमुना घेत, काडी नळीत टाकत आणि नळी बर्फात. दूध तोडल्यावर प्रत्येक वेतातली दोनेक पिल्लं चिठ्ठ्या टाकून निवडायची, सुई देऊन झोपवायची आणि त्यांचं आतडं उघडून बघायचं, असं ठरलं होतं. हेही त्यांनी पहिल्याच दिवशी लपवाछपवी न करता सांगितलं होतं.

आता अडचण कशी झाली ते बघा. जांभळ्या बाजूच्या एका डुकरिणीला सडांपेक्षा पिल्लं जास्त झाली. डुकराच्या पिल्लांचं एक आहे, पहिल्या एक-दोन दिवसांत मारामारी करून प्रत्येक जण आपला सड ठरवतो आणि मग दूध तुटेपर्यंत तो सोडत नाही. धटिंगण असतात ते पुढचे, भरपूर दुधाचे सड पकडतात. मरतुकड्यांच्या वाट्याला मागचे. आणि सगळ्यात शेवटी जन्मलेलं, मुठीत मावेल एवढं, त्याच्या वाट्याला काहीच नाही. भिंगरीनं त्याला शेंडेफळ म्हणायला सुरुवात केली, तिथंच घोटाळा झाला. ज्याला नाव दिलं ते डोळ्यांदेखत मरायला सोडता येत नाही.

इतर शेडमध्ये अशी पिल्लं दुसऱ्या आईला लावतात, त्यात काही विशेष नाही. वाटेपलीकडे हिरव्या बाजूला एक डुकरीण होती, तिला मोजकीच पिल्लं झाली होती, सड रिकामे, दूध ओसंडत होतं. मध्ये फक्त वाट. हात लांब केला की पोचेल एवढी.

मला कळलं ते एप्रनवरून. भिंगरीच्या जांभळ्या बाजूच्या एप्रनच्या बाहीला हिरवा डाग. मी साबण लावला, निघाला नाही. गरम पाण्यात घातला, निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवा डाग. संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. ती पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती.

"हिरव्या डुकरिणीला कशाला टेकतेस गं?"

"कोण म्हणतं?"

"तुझी बाही म्हणते."

फडकं थांबलं. मग ती भडाभडा बोलली. दुपारी सगळे डबे खायला जातात. हिला बसून खायचं जमतच नाही, म्हणून राखणीला हीच राहते. त्या वेळात ती शेंडेफळ उचलते, कठड्यावरून पलीकडे नेते, पोटभर पाजते आणि परत आईपाशी आणून ठेवते. सकाळी आल्या आल्या एकदा, निघताना एकदा. कानातला बिल्ला तोच, कप्पा तोच. कुणाच्या लक्षात येणार?

"अगं बाई, नियम काय आहे?"

"पिल्लू आईपाशीच राहील. राहतंय की! दूध तेवढं तिकडचं पितंय."

"आणि तुझी नोकरी? मॅडमनी शब्द टाकला तर तू कायम होणार आहेस. नसती उठाठेव अंगाशी येईल."

"ताई, ते माझ्याकडे बघतं हो."

"ते दुधाकडे बघतं!"

पण ती ऐकण्यातली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही वर जाऊन सांगण्यातली नव्हते. डाग कुणाला दिसू नये म्हणून मी तिला जास्तीचा एप्रन देऊ लागले, एवढंच. शेंडेफळ वाढलं. आधी पोट धरलं, मग मान. थोड्याच दिवसांत मागच्या सडासाठी आपल्या भावंडांना ढुशा द्यायला लागलं. भिंगरीचे बूट वाजले की कठड्यापाशी येऊन उभं राहायचं. दूध तोडायची वेळ आली तेव्हा ते त्या वेतातलं सगळ्यात गोंडस पिल्लू होतं. चिठ्ठ्या पडल्या त्यात त्याचा नंबर निघाला नाही. त्या दिवशी घरी भिंगरीनं पोरांना न मागता पैसे दिले. पोरं घाबरली.

मग नमुन्यांचे निकाल आले.

मॅडम माझ्या धुलाईखोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. एक बूट काढलेला, एक तसाच. मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "मी मूर्ख आहे. कुठंतरी नळ्या बदलल्यात मी."

मी विचारलं, काय झालं. जांभळ्या बाजूच्या एका वेताचे जंतू हिरव्या बाजूसारखे दिसत होते. आधी एका पिल्लात, मग हळूहळू त्याच्या सगळ्या भावंडांत. औषध खाल्लेल्या आईच्या पिल्लांत जे असायलाच नकोत, तेच आत ठाण मांडून बसलेले. असं होऊच शकत नाही, मॅडम म्हणाल्या. म्हणजे चूक त्यांच्या हाताची. एक चूक सापडली म्हणजे बाकीच्या नळ्यांवर कसा विश्वास ठेवायचा? सगळी फेरी टाकून द्यावी लागणार. वरच्या साहेबांना आजच सांगणार. त्यांना पुन्हा संधी मिळेलच याची खात्री नव्हती.

"मी इतकी काळजी घेतली हो," त्या म्हणाल्या आणि उरलेला बूट काढायचा विसरून तशाच उठून गेल्या.

माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. आमचं शेंडेफळ पलीकडून पोटभर जंतू पिऊन येत होतं, इकडे येऊन हगत होतं, आणि भावंडं त्यातच नाकं खुपसत होती. अख्ख्या घराला त्यानं विरजण पुरवलं होतं. नळ्या अगदी बरोबर होत्या.

घरी जाताना मी भिंगरीला सांगितलं, आणि लगेच म्हटलं, "तोंडाला कुलूप. काय वाटेल ते झालं तरी. मॅडम शिकलेल्या आहेत, दुसरं काम मिळेल. तुला मिळणार नाही."

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. तिनं ओटा पुसला, परत पुसला. पोरीच्या फ्रॉकची शिवण उसवली आणि होती तशीच पुन्हा घातली. भांडी मांडणीवरून खाली काढली, वर लावली. दीर म्हणाले, "अगं, हे घर आहे, रणांगण नाही, बस की जरा." तर ती त्यांच्यावर अशी खेकसली की ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. जेवताना तिनं घास हातात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ती बाई स्वतःला मूर्ख म्हणाली?"

"म्हणाली."

"माझ्यामुळे."

मला माहीत होतं, समोर काहीतरी अडलं होतं आणि हिचा हात जाणारच होता.

सकाळी अंघोळ करून, कपडे बदलून ती बाळंतघरात न जाता सरळ मॅडमच्या खोलीत गेली. मी धुतलेल्या एप्रनचा गठ्ठा उचलून मागोमाग गेले. हाताला काही असलं की कुणी कुठं चाललीस विचारत नाही. मॅडम साहेबांकडे जायला निघाल्याच होत्या. भिंगरीनं दार अडवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. शेंडेफळ, दुपार, कठडा, पलीकडचं दूध. शेवटी म्हणाली, "नळ्या बरोबर आहेत तुमच्या. मला काढून टाका, पण स्वतःला काही बोलू नका."

मॅडम खुर्चीत बसल्या. माझ्या हातातला गठ्ठा जड व्हायला लागला. मग त्या म्हणाल्या, "रोज?"

"रोज."

"पहिल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या. पहिला दिवस मी कसाबसा धीर धरला."

आणि मॅडम उठल्या, त्यांनी भिंगरीचे दोन्ही खांदे धरले. तोंडावर राग होता, पण डोळे चमकत होते. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? नियम मोडलात, त्याबद्दल मी तुम्हाला चांगलं फैलावर घेणार आहे. पण एक पिल्लू! एकच पिल्लू दुसऱ्या आईचे जंतू घेऊन आलं आणि सगळ्या वेताची वस्ती बदलली! आणि त्या वेतात हगवण लागली का?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "शेजारच्या जांभळ्यांना लागली. आमच्यात कुणालाच नाही."

"कुठलं पिल्लू ते?"

भिंगरीनं तत्काळ सांगितलं. बिल्ल्याचा नंबर, कप्पा, डाव्या कानामागचा काळा ठिपका, सगळं. कौतुकानं. आपल्या पोराचा नंबर आला की आया सांगतात तसं. मला मात्र पुढचं दिसलं. मी गठ्ठा खाली ठेवून तिचा हात दाबला, पण उशीर झाला होता.

"त्याचं आतडं बघायला हवं," मॅडम म्हणाल्या.

भिंगरीनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"त्याची चिठ्ठी निघाली नव्हती, मॅडम."

"नव्हती. पण आता तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. दोन आयांचं पिल्लू दुसरं नाही माझ्याकडे." मग त्यांना तिचा चेहरा दिसला असावा. आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याला काही कळणार नाही. मी वचन देते."

भिंगरी भांडली नाही. तिनं भांडायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण कशाच्या जोरावर भांडणार? आदल्या रात्री तिनं स्वतःच ठरवलं होतं की ही बाई खोटी पडता कामा नये.

त्या दिवशी पिल्लू पकडायला दोन कामगार गेले तर ते शेडभर पळालं, किंचाळलं. भिंगरी आत गेली, बूट वाजले, ते आपण होऊन येऊन तिच्या पायाला नाक घासायला लागलं. तिनं उचललं. चांगलं जड झालं होतं, दोन्ही हात लागले. पशुवैद्यांनी सुई दिली तेव्हा ते तिच्या कुशीतच होतं. मी काचेतून बघत होते. मला मॅडमचा राग आला, पशुवैद्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या पिल्लाचा आला, की येतं काय असं धावत.

निकाल आला तेव्हा मॅडम स्वतः बाळंतघरात आल्या सांगायला. त्यांना आनंद आवरत नव्हता. "इतकं भरलेलं, इतक्या तऱ्हांचं आतडं मी या फेरीत पाहिलं नाही. एकमेकांना धरून बसलेत सगळे. याला कसलीच हगवण लागली नसती!"

"म्हणजे जगलं असतं," भिंगरी म्हणाली.

"नुसतं? सगळ्यांत धष्टपुष्ट झालं असतं!" म्हणाल्या आणि मग त्यांनी जीभ चावली. पण बोललेलं बोलून झालं होतं.

भिंगरी कायम झाली. मॅडमनी शब्द टाकला, खास शब्द टाकला. घरी दिरांनी मिठाई आणली, पोरांनी ती संपवली. आणि नव्या फेरीचा हुकूम आला: आता जांभळ्या बाजूच्या प्रत्येक वेतातलं सगळ्यात कमजोर पिल्लू रोज हिरव्या आईला पाजायचं, आणि दूध तोडल्यावर त्याचं आतडं बघायचं. जे भिंगरीनं चोरून केलं ते आता उजेडात, नियमानं करायचं होतं. पिल्लू निवडायचं कुणी, तर तिनंच. मॅडम म्हणाल्या, तुमच्यासारखी नजर कुणाची नाही. त्यांनी ते मानानंच म्हटलं होतं.

पहिलं वेत झालं त्या दिवशी मी कोरडे एप्रन द्यायला आत गेले होते. मॅडम वाटेत उभ्या, हातात बिल्ले. पिल्लं पुसून झाली होती, सडांवर मारामारी चालू होती.

"कुठलं?" मॅडमनी विचारलं.

भिंगरीनं वेतावरून नजर फिरवली. "या वेतात कमजोर कुणीच नाही, मॅडम. सगळी ठणठणीत आहेत."

"नक्की?"

"नक्की."

मॅडमचा तिच्यावर विश्वास होता. त्या पुढच्या कप्प्याकडे गेल्या. मी कठड्यावरून वाकून बघितलं. अगदी मागे, आईच्या पायाखाली, मुठीएवढं एक पिल्लू रिकाम्या सडाला तोंड लावून थरथरत होतं. दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा त्याला भावंडानं ढकललं.

"अगं," मी हळूच म्हटलं, "हे उद्यापर्यंत टिकायचं नाही. पलीकडे दूध आहे. आता तर कुणी अडवत पण नाही तुला."

ती त्याच्याकडेच बघत होती. गाल भिजले होते आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"उचलते की, ताई. उचललं की जगेल. छान मोठं होईल. बूट वाजले की धावत येईल. आणि मग मलाच उचलून न्यावं लागेल."